बिनवारशी राजवाडा

कोल्हापूरच्या माणसाला राजवाड्याचं अप्रूप नसतं. आमचा राजवाडा नांदता आहे. मेजर मँटनं आखलेला, १८७७ ते १८८४ या काळात काळ्या घोटीव दगडात उभा राहिलेला नवा राजवाडा आजही छत्रपती घराण्याच्या राहत्या वापरात आहे. एका भागात संग्रहालय, बाकी महाराजांचं घर. दसऱ्याला सोनं लुटायच्या वेळी राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार चौकात आली की गर्दीतली म्हातारी माणसं आपोआप हात जोडतात आणि पोरं मोबाइल वर करतात. त्यामुळे राजवाडा म्हटला की राजा आलाच, त्याचे वाघ पेंढा भरून ठेवलेले असणारच, आणि दोरीपलीकडे जायचं नाही, अशी आमची घट्ट समजूत.

नगरला माझी सासुरवाडी आहे. तिथल्या वाऱ्या अनेक झाल्या, पण त्या सावेडीतलं घर, माळीवाड्यातला विशाल गणपती आणि परतीचा रस्ता एवढ्यातच संपायच्या. यंदा संक्रांतीच्या सुमारास हाताशी वेळ होता. मेव्हण्याला म्हटलं, फराहबाग बघायची आहे. तो माझ्याकडं बघत राहिला.

“दाजी, फराबागेत काय बघायचं? नुसत्या भिंती आहेत. रणगाडे बघा की. पोरंसोरं सगळी तिथंच जातात.”

नगरी माणसाच्या बोलण्याला तुपाचा हात लागलेला नसतो. कोल्हापुरात पाहुण्यानं काही मागितलं की आधी ‘चला की’ येतं, आणि गाडीत बसल्यावर तिथं जाण्यात अर्थ नाही हे कळतं. नगरमध्ये अर्थ नसल्याचं दारातच सांगतात आणि मग चपला घालून तुमच्या पुढं चालू लागतात. मेव्हणाही तसाच निघाला.

माळीवाड्यात चहा घेताना समोरच्या टपरीवर मावा घोटायचं काम चाललं होतं. प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घालून तळहातावर रगडत राहायचं, आणि ते करताना सगळ्या जगाच्या चौकशा करायच्या. टपरीवाल्यानं माझा ‘का वं’ ऐकला आणि हात न थांबवता विचारलं, “कोल्हापूर का? पुराचं काय म्हणतंय?” आमची ओळख आता ही. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेनं आम्हाला छतावर बसवलं, ते नगरकर विसरलेले नाहीत. त्यांच्या बोलण्यात कीव होती आणि थोडासा हेवाही. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यातला माणूस दुसऱ्याच्या पुराकडंही पाणी म्हणूनच बघतो.

पाण्याची ही गोष्ट नगरमध्ये पुढं दिवसभर सुटली नाही. मलिक अहमदनं १४९०च्या मे महिन्यात इथं भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि काही वर्षांतच सीना नदीच्या काठी आपली राजधानी वसवली. त्यानं सुरू केलेली निजामशाही १६३६पर्यंत टिकली. नदी म्हणाल तर सीना. पावसाळ्यात वाहते आणि उरलेलं वर्ष नावापुरती उरते. अशा जागी राजधानी करायची म्हणजे आधी पाण्याची सोय हवी. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, निंबगाव अशा भोवतीच्या गावांकडून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं गेलं. जमिनीखालून मातीचे भाजलेले नळ, चुन्यात बसवलेले, ठिकठिकाणी उच्छ्वास सोडलेले. शहराच्या जुन्या भागात कुठं पाया खणायला घेतला की अजून त्याची खापरं निघतात, असं मेव्हणा सांगत होता. त्याच्या मित्राच्या घराखाली निघाली होती. मित्रानं त्यावर काँक्रीट ओतलं.

२०२४ मध्ये शहर आणि जिल्हा अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्याबाईंचं जन्मगाव याच जिल्ह्यातलं. पाट्या बऱ्याच बदलल्या आहेत, काही अर्ध्या रंगवून राहिल्या आहेत. अहिल्याबाईंचा महेश्वरचा वाडा मी पाहिला आहे. एवढ्या दौलतीची धनीण किती साध्या घरात राहायची हे बघून तिथं आवाज आपोआप खाली येतो. त्यांच्या जन्मजिल्ह्यात मात्र आम्ही निघालो होतो ते ऐश्वर्याची हौस असलेल्या राजाचा महाल बघायला.

वाटेत आधी बागरोजा. पहिल्या अहमद निजामशहाची, म्हणजे मलिक अहमदचीच, काळ्या दगडातली कबर इथं आहे. आवारात एक लहानशी चौथऱ्यासारखी वास्तू आहे आणि ती हत्तीची कबर असल्याचं सांगतात. १५६५च्या तालीकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला धरणारा हा हत्ती, असा किस्सा. खरं-खोटं हत्तीलाच माहीत, पण तिथं बसलेल्या आजोबांनी आम्हाला राजाच्या कबरीकडं नुसतं बोट दाखवलं आणि हत्तीच्या कबरीपर्यंत स्वतः चालत आले. मला हे आवडलं. आमच्याकडंही शाहू महाराजांच्या हत्तींच्या गोष्टी सांगणारी माणसं महाराजांच्या कायद्यांबद्दल क्वचित बोलतात.

बारा इमामांच्या कोटल्यावरून जाताना मेव्हण्यानं गाडी हळू केली. बुरहान निजामशहानं १५३७च्या सुमारास शाह ताहिरच्या प्रभावानं शिया पंथ स्वीकारला, त्याच काळातली ही वास्तू. नगरचा मोहरम नावाजलेला. सासूबाई एरवी एकादशी न चुकवणाऱ्या, पण बारा इमामांच्या सवारीला नारळ चढवल्याशिवाय त्यांचं वर्ष पुरं होत नाही. नवस त्यांच्या आईनं बोललेला होता; फिटून पन्नास वर्षं झाली असतील, नारळ चालू आहे.

भुईकोट किल्ल्यात लष्कराचा वावर आहे. दारात ओळखपत्र दाखवून, वहीत नाव लिहून आत जायचं. खंदक रुंद आणि बांधणी गोल, घोटीव. तट दगडात बांधून घेतला हुसेन निजामशहानं. १५९६च्या सुरुवातीला मोगल शहजादा मुराद याच्या सुरुंगानं या तटाला भगदाड पडलं आणि चांदबिबीनं उभं राहून रातोरात ते बुजवून घेतलं. १८०३च्या ऑगस्टमध्ये हाच किल्ला वेलस्लीनं घेतला. तोच पुढं वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आणि १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि त्यांचे इतर सहकारी इथं कैदेत होते. नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ या एकाच आवारात लिहिली गेली. आझाद पहाटे उठून स्वतःसाठी चहा करायचे आणि त्या चहावर पानंच्या पानं लिहायचे. राजांच्या किल्ल्यात आज लोक बघायला येतात ते कैद्यांच्या खोल्या. राजांचं निवासस्थान कुठं होतं असं मी विचारलं, तर सोबतच्या जवानानं नम्रपणे सांगितलं, “सर, वो तो मालूम नहीं. नेहरूजी का कमरा उधर है.”

मग सोलापूर रस्ता. रणगाडा संग्रहालयाबाहेर शाळेच्या बसगाड्यांची रांग लागलेली. मेव्हण्यानं एकवार माझ्याकडं आशेनं पाहिलं. १९६५च्या युद्धातले पॅटन तिथं आहेत आणि रोल्स रॉइसची चिलखती मोटारही आहे, हे मला ठाऊक होतं. ते आधी कधीतरी मुलांबरोबर बघून झालं होतं. पुढं चला म्हटलं.

फराहबाग लष्करी हद्दीला लागून आहे. रस्ता सोडला की बाभळी, वाळलेलं गवत, मधूनच गाई. मग एकाएकी झाडांवरून तो दिसतो. अष्टकोनी, दुमजली, वर सपाट गच्ची आणि मध्ये घुमट. रंग म्हणाल तर वाळलेल्या भाकरीचा. प्रत्येक बाजूला भल्यामोठ्या टोकदार कमानी, अशा की आत पडलेली सावली बाहेरूनच दिसते. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी, एक पहारेकरी, एक कुत्रं. बाकी कोणी नाही.

महाल तळ्याच्या मधोमध बांधला होता. तळं आता कोरडं आहे. जुन्या वर्णनांत त्याची रुंदी दीडशे फूट आणि खोली सतरा फूट अशी दिलेली आहे. सभोवती बाग. आज त्या खोलगट भागात गवत आणि बोरीची झुडपं. आम्ही तळ्याच्या पोटातून चालत महालापाशी गेलो. सतरा फूट पाण्याखालून आपण चाललो आहोत असं मेव्हण्याला म्हटलं, तर तो म्हणाला, “एवढं पाणी नगरला असतं तर इथं महाल कशाला, कारखाना झाला असता.”

काम १५८३ मध्ये पुरं झालं. गादीवर होता मुर्तजा निजामशहा, लोकांनी ज्याला ‘दिवाना’ म्हटलं तो. आधी दुसऱ्या कोणी बांधलेली इमारत राजाला पसंत पडली नाही, म्हणून ती पाडून नव्यानं बांधली, असं सांगतात. नव्या कामावर देखरेख करणारा होता त्याचा वजीर सलाबतखान. राजा एकांताचा भुकेला. वर्षानुवर्षं तो दरबारात येत नसे. राज्य वजीर चालवत. या महालात तो दिल्लीहून आलेल्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसायचा आणि त्या गवयाला त्यानं फत्तेशाह असं नाव दिलं होतं, अशी आख्यायिका आहे. दरबाराची दगदग नको असलेल्या माणसानं चारी बाजूंनी पाणी करून घेतलं. कोणी यायचं म्हटलं तर लांबून दिसणार.

आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा कळला तो वारा. बाहेर जानेवारीतही दुपारचं ऊन टोचत होतं. आतल्या चौकोनी दिवाणखान्यात चारी दिशांच्या कमानींमधून झुळूक येत होती आणि मध्ये येऊन वर जात होती. घुमट तीसेक फूट उंच. तापलेली हवा वर चढायला भरपूर जागा. तळ्यात पाणी असताना हाच वारा पाण्यावरून गार होऊन आत यायचा. पंखा नाही, वाळ्याचा पडदा नाही. इमारतीची ठेवणच अशी की नगरच्या उन्हाळ्यातही राजाला पट मांडून बसता यावं. मी एका कमानीच्या पायथ्याशी भिंतीला पाठ लावून बसलो. दगड-चुन्याची ती भिंत अंगाला गार लागत होती. आमचा कोल्हापूरचा राजवाडा कितीदा पाहिला, पण त्या घरात वारा कुठून येतो हे मला आजही सांगता येणार नाही. तिथं माझी नजर वाघांवरून तलवारींवर, तलवारींवरून हौद्यांवर जाते आणि बाहेर पडते.

काही वर्षांपूर्वी सहलीच्या एका जथ्यातून माद्रिदचा राजवाडा पाहिला होता. जुना अल्काझार १७३४च्या नाताळात जळाल्यावर १७३८ पासून नवा बांधायला घेतला. तीन हजार चारशेच्या वर खोल्या. आम्हाला त्यातल्या मोजक्या दाखवल्या. कानात यंत्र, पुढं छत्री उंच धरलेली मार्गदर्शक बाई, मागं उरलेले आम्ही. सिंहासनाच्या दालनाचं छत टिएपोलोनं रंगवलेलं, एका खोलीत स्त्रादिवारियसनं केलेली व्हायोलिनं काचेत ठेवलेली. सगळं झळाळतं. बाहेर आल्यावर आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, यांचं स्वयंपाकघर कुठं होतं हो? ते कोणालाच सांगता आलं नाही. स्पेनचा राजाही तिथं राहत नाही. शहराबाहेरच्या लहान राजवाड्यात राहतो. तरी त्या दालनांत घड्याळांना किल्ली दिली जाते, गालिचे झटकले जातात. माद्रिदच्या सिंहासनाच्या दालनात वर्षातून काही वेळा पाहुण्यांना भेटायला येणारा राजा आहे. इथं मुर्तजाच्या दिवाणखान्यात पारवे आहेत.

दोन्हीकडचा काळ मात्र जवळचा आहे. माद्रिदला राजधानी करणाऱ्या दुसऱ्या फिलिपनं जवळच एल एस्कोरियाल हा प्रचंड महाल-मठ बांधून घेतला. तो १५८४ मध्ये पुरा झाला, म्हणजे फराहबागेच्या पुढच्याच वर्षी. फिलिपही माणसांपेक्षा कागदांत रमणारा, लहानशा खोलीत बसून जग चालवणारा. १५८० पासून पोर्तुगालचा मुकुटही त्याच्याकडं होता, त्यामुळे चौल-रेवदंड्याचे फिरंगी त्याची प्रजा आणि मुर्तजाचे शेजारी. हेच चौल घ्यायला मुर्तजानं १५७०-७१ मध्ये वेढा घातला होता आणि हात हलवत परतला होता. म्हणजे आपल्या कोकणच्या एका बंदरावर डोळा ठेवून असलेले दोन एकलकोंडे राजे, एकमेकांना कधी न बघता, एकाच सुमारास आपापले महाल पुरे करत होते. शाळेत आम्हाला हे दोघंही वेगवेगळ्या पुस्तकांत भेटले. एका पानावर आले असते तर इतिहासाचा तास इतका कंटाळवाणा झाला नसता.

पहारेकरी एव्हाना जवळ येऊन उभा होता. पाथर्डीकडचा, पन्नाशीचा. भिंतीवर खिळ्यानं कोरलेली नावं मी वाचत होतो. बदाम, बाण, २०११, २०१६. तो म्हणाला, “पोरं ऐकत नाहीत, साहेब. आता लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांचा सुळसुळाट. परवा एक नवरी घोड्यावर बसून आली. घोडा आत नेऊ देईना म्हणून भांडली माझ्याशी. म्हणली, राजाचा घोडा आत जात होता, मग माझा का नको?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणलं, राजाचा घोडा पाण्यातनं कसा येईल? होडीनं यायचा राजा.”

त्याच्या या उत्तरानं माझी मान डोलली. गिलाव्याच्या नक्षीवर त्यानं हात फिरवून दाखवलं. कमानीच्या खांद्याशी चुन्यात उठवलेली वेल, थोडी शिल्लक आहे. जिथं ती गळली आहे तिथं आतली वीट-दगडाची बांधणी उघडी दिसते, चुन्याच्या थरावर गवंड्याच्या बोटांचे ओरखडेही. चारशे चाळीस वर्षांपूर्वी ओल्या चुन्यावर फिरलेली बोटं. राजवाडा भरलेला असता तर त्यावर जरीचा पडदा असता.

शहाजहाननं ही इमारत पाहून ताजमहालाची कल्पना घेतली, असं नगरमध्ये प्रत्येक जण सांगतो. पहारेकऱ्यानंही सांगितलं. मी वाद घातला नाही. आपल्या गावच्या भिंतीला मोठ्या घरची सोयरीक जोडायची हौस सगळ्यांनाच असते. आम्हीही कोल्हापुरात करतो. पण फराहबागेला ताजची गरज का पडावी ते मला कळत नाही. ताज हा मेलेल्या माणसासाठी आहे. हा जिवंत माणसाच्या अंगाला वारा लागावा म्हणून आहे.

अर्थात त्या जिवंत माणसाचा शेवट वाईट झाला. मुर्तजानं मुलाच्या बिछान्याला आग लावायचा प्रयत्न केला, मुलगा वाचला. आणि १५८८ मध्ये त्याच मुलानं, मीरान हुसेननं, बापाला हमामखान्यात कोंडून खाली जाळ केला. फेरिश्ता हा इतिहासकार तेव्हा नगरच्याच चाकरीत होता. मीरान हुसेनही वर्षाच्या आत मारला गेला. आमच्याकडं राजघराण्यातलं दत्तकविधान, दावे, कज्जे यांवर ग्रंथ आहेत. इथं कज्जा करायलाही कोणी उरलं नाही. निजामशाही संपत आली तेव्हा १६३३ मध्ये याच जिल्ह्यातल्या पेमगिरीवर शहाजीराजांनी घराण्यातलं एक लहान मूल गादीवर बसवलं आणि तीनेक वर्षं त्याच्या नावानं राज्य लढवलं. मालोजीराजे, लखुजी जाधव, शहाजीराजे, सगळे या दरबारचे सरदार. कोल्हापूरच्या ज्या घराण्याची मेबॅक बघून आम्ही हात जोडतो त्या घराण्याचे पूर्वज या शहरात मुजरा करायला येत होते. कोल्हापुरात हे कुणाला सांगितलं तर चहा थंड होईपर्यंत वाद होईल, आणि मग सगळे मान्य करतील.

निघताना पहारेकऱ्यानं पैसे घेतले नाहीत. पाण्याची बाटली मात्र मागितली. आमच्याकडं दोन होत्या.

अशीच दुसरी जागा म्हणजे शहराच्या उत्तरेची हश्त बिहिश्त बाग. तिथंही पाण्यातल्या अष्टकोनी महालाची कल्पना होती, फराहबागेच्या कितीतरी आधीची. तिची अवस्था बघून वाईट वाटतं एवढंच लिहितो.

चांदबिबी महालाकडं जाताना पाथर्डी रस्त्यालगतच्या एका शेतात मेव्हण्याच्या ओळखीनं हुरडा मिळाला. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसं खुपसलेली. काढायची, दोन्ही तळव्यांत रगडायची, फुंकर मारायची. तळहात भाजतात, पण थांबता येत नाही. हिरवा मऊ दाणा, बरोबर लसणाची चटणी आणि दही. आमच्याकडं याच दिवसांत गुऱ्हाळं पेटलेली असतात, काहिलीतल्या गरम काकवीनं हात चिकट होतात. शेतकऱ्याच्या घरून मावशींनी शिपी आमटीही पाठवली होती. पातळ, काळसर, तोंडात जाळ करणारी. भाकरी कुस्करून तिच्यात बुडवायची, चमचा मागायचा नाही. मी तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस, तरी दुसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाल्या, “कोल्हापूरचे ना तुम्ही? मग हे काय वो दाजी?” मेव्हण्याचे दाजी सगळ्या शिवाराचे दाजी झाले होते.

शाह डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर तीन मजली अष्टकोन उभा आहे. लोक त्याला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर, त्यानं हयातीतच बांधून घ्यायला काढलेली. तोच, फराहबागेचा सलाबतखान. फेरिश्तानं त्याची एक हकिकत दिली आहे. राजाची मर्जी फिरली आणि कैदेत जाण्याचा हुकूम आला. हाताशी फौज होती, लोक पाठीशी होते. खानानं घरी जाऊन स्वतःच्या हातानं पायांत बेड्या घातल्या, पालखीत बसला आणि भोयांना दंडा-राजपुरीच्या कैदेकडं चला म्हणाला. १५८९ मध्ये तो गेला.

वर गर्दी होती. भेळ, कणसं, सेल्फी. वारा असा की बोललेलं उडून जावं. एक आजी नातवाला सांगत होत्या की चांदबिबी इथून दुर्बिणीनं दौलताबाद बघायची. मी भीतभीत म्हटलं, आजी, ही सलाबतखानाची कबर आहे, राजाचा वजीर होता तो, शहराला पाणी त्याच्याही काळात आलं.

आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “असंल. पण महाल तिचाच. खानानं बांधला असंल तिच्यासाठी.”

चांदबिबी ही मुर्तजाची बहीण. भावाचा बागेतला महाल ओसाड पडला, वजिराची कबर तिच्या नावावर चढली. नगरला तिच्याबद्दल जे वाटतं त्याला एक पत्ता हवा होता, आणि डोंगरावरची ही जागा रिकामी दिसली. सलाबतखानाची यावर काही हरकत असेल असं त्या बेड्यांच्या गोष्टीवरून वाटत नाही.

खाली उतरताना मेव्हणा म्हणाला, “दाजी, एवढं सलाबतखान-सलाबतखान करताय, तर भातोडीला येताय का? तळं त्याचंच म्हणतात. आणि तुमचे शरीफजीराजे तिथंच.”

मी ते ऐकून होतो. १६२४ मध्ये भातोडीला मलिक अंबरनं मोगल आणि आदिलशाही फौजांचा फडशा पाडला. तळ्याचा बांध फोडून त्यानं शत्रूच्या तळावर चिखल केला. शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी त्या लढाईत पडले. एकदा नगरच्या खानानं अडवलेलं पाणी, नंतर नगरसाठीच सोडलेलं.

भातोडीला पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. यंदा पाऊस बरा झाल्यानं तळ्यात पाणी होतं. शरीफजीराजांच्या समाधीपाशी कोणीतरी झेंडूची माळ घातलेली, ताजी. मी चपला काढून डोकं टेकवलं; कोल्हापूरचा माणूस दुसरं काय करणार. बांधावर आलो तर एक शेतकरी खोरं खांद्यावर टाकून उभा होता. मी वहीत काही लिहीत होतो. त्यानं वहीकडं बघितलं, मेव्हण्याच्या गाडीकडं बघितलं, आणि जवळ आला.

“साहेब, खात्याचे का तुम्ही?”

“नाही हो. महाल बघायला आलोय.”

“महाल तिकडं ऱ्हायला, डोंगरावर,” तो म्हणाला. “इथं पाटाला पाणी कधी सुटणार तेवढं सांगा. माझी पाळी बुधवारची आहे.”